साळुंकीचा कडता

निपाणीत ज्यांच्या घरी मी दोन वर्षं भाड्यानं राहिले, ते अण्णा कुठल्याही वस्तूचं वजन आधी सांगत आणि तिच्याविषयी बाकीचं काय ते नंतर बोलत. पहिल्या दिवशी मी रिक्षातून उतरले तेव्हा त्यांनी काही न विचारता माझी बॅग उचलली, क्षणभर तशीच धरून ठेवली आणि म्हणाले, "साडेअकरा किलो. पुस्तकं हाईत व्हय?" मी हो म्हटलं. "मग वरची खोली घ्या. खालचीत ओल येती." पाणी किती वाजता येतं, जिन्याची किल्ली कुठे असते, हे सगळं मला नंतर त्यांच्या सुनेकडून, म्हणजे वहिनींकडून कळलं. अण्णांच्या दृष्टीनं ओळख झाली होती.

मी मूळची नंदगडची. निपाणीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला तात्पुरती लागले होते. शनिवारी बेळगाव, तिथून गाडी बदलून घर, सोमवारी पहाटे परत, असा माझा क्रम. तात्पुरत्या माणसाला गावात फारसं कुणी विचारत नाही. अण्णांनी मला विचारलं नाही, सरळ तोललं.

ते तंबाखूच्या वखारीत मापाडी होते. चाळीस वर्षं त्यांनी बोद तोलले. बोद म्हणजे गच्च दाबून भरलेलं तंबाखूचं भलं मोठं पोतं. ते काट्यावर चढायच्या आधी अण्णा त्याच्या कानाला धरून एकदा हिसका द्यायचे आणि आकडा सांगायचे. मग काटा तोच आकडा सांगायचा. लोक मुद्दाम बघायला यायचे म्हणे. पुढे वखारीत लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि अण्णा घरी आले. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलायचे, "त्येला मापाडी लागत न्हाय, लाइट लागती."

घरी आल्यावर तोलायला काही उरलं नाही म्हणून ते सगळंच तोलायला लागले. बारशाला गेले की बाळ हातात घेऊन वजन सांगायचे, आणि दवाखान्याच्या कागदावर वेगळं असेल तर बाळाच्या आईची समजूत घालायचे की कागद जुना असेल. माझे पेपर तपासायचे गठ्ठे उचलून "औंदा पोरं कमी लिवाय लागलीत" असं सांगायचे आणि ते खरं असायचं. पण घरात खरी लढाई भाकरीवरून चालायची. "आजची हलकी हाय," असं ते ताटावर बसल्या बसल्या म्हणायचे. वहिनी चुलीपासून न वळता म्हणायच्या, "पीठ त्येच हाय, हात त्योच हाय, तुमचंच प्वाट जड झालंय." वहिनी घरगुती चटणीची पाकिटं करून विकायच्या. त्यासाठी त्यांच्याकडे वीतभर लांबीचा एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. अण्णा त्याला डबडं म्हणायचे आणि तो ज्या कोपऱ्यात ठेवलेला असायचा तिकडे बघतसुद्धा नसत.

अशा माणसाच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं मी धडा वाचायला नको होता. पण मला मोठ्यानं वाचल्याशिवाय शिकवायची तयारी होत नाही. एका रविवारी गावी गेले नव्हते, जिन्यात बसून दुसऱ्या दिवशीचं उदाहरण मराठीत घोळवत होते. "एका तज्ज्ञाच्या म्हणण्यानुसार रानपक्ष्यांचं सरासरी वजन अमुक इतकं आहे. काही पक्षी पकडून तोलले, तेव्हा तमुक भरलं. तज्ज्ञाचा दावा तपासा."

खालून आवाज आला, "कुठली पाखरं?"

"तसं दिलेलं नाही, अण्णा."

"म्हंजे चिमणी का घार?"

"रानपक्षी, एवढंच आहे."

"चिमणी आन् घार एका काट्यावर घालून सरासरी काढली? आमच्या वखारीत असं केलं असतं तर शेतकऱ्यांनी आमाला बोदात घालून शिवलं असतं." ते दोन पायऱ्या वर आले. "आन् कुणी तोलली?"

हे मला कुठल्याही विद्यार्थ्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. पुस्तकात पाखरं असतात, त्यांची वजनं असतात, आपण सूत्रात घालतो. मी जरा चिडूनच म्हणाले, "मग तुम्ही सांगा, कुठलं पाखरू घ्यायचं."

"साळुंकी," अण्णा म्हणाले. "ती मी तोललीया."

गेल्या श्रावणात एक साळुंकी खिडकीच्या काचेवर आपटून अंगणात पडली होती. अण्णांनी ती उचलली, तळव्यावर घेतली, पाणी पाजलं. थोड्या वेळानं ती उडून गेली. "नव्वद गरॅम. लई तर चार-पाच वर. त्येच्या पुढं न्हाय." मला शहाणपणा दाखवायची खोड आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि साळुंकीचं पान काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यात सरासरी म्हणून शंभराच्या बरीच वरची संख्या छापलेली होती.

अण्णांनी ती वाचली, मग उजवा हात समोर धरून तळव्याकडे बघत राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की त्यांची बोटं थरथरतात. बारीक थरथर होती, पण थांबत नव्हती. त्यांनी हात गुडघ्याखाली घेतला. "श्रावण सरल्यापासनं हे असं," ते म्हणाले. "आता हातात काय बी धरलं की निम्मं वजन त्येचं आन् निम्मं ह्या कापण्याचं. साळुंकी धरली तवा कापत नव्हता. ते शेवटचं नीट तोललेलं. एकदा कळाय पायजे बाई, हात बरोबर हुता का पुस्तक."

माझा थट्टेचा सूर तिथेच उतरला. मी त्यांना शिकवायला घेतलं. इतका अवघड विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. आधी पुस्तकाचं म्हणणं खरं धरून चालायचं, याला शून्य परिकल्पना म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हाच त्यांचं बिनसलं. "त्येचं का खरं धरायचं?" कारण तसा नियम आहे. मग आपण पाखरं तोलायची. ती पुरेशी हलकी भरली तर पुस्तकाचं म्हणणं नाकारायचं. नाही भरली, तर नाकारता येत नाही असं म्हणायचं.

"म्हंजे मान्य?"

"मान्यही नाही. नाकारता येत नाही, एवढंच."

 अण्णा म्हणाले, "आमच्या ह्या दोन राज्यांच्या हद्दीच्या कज्ज्यासारखं झालं."

मात्र सरासरी हा शब्द त्यांना मनापासून आवडायचा, कारण तो कन्नडमध्येही सरासरीच आहे. "वजनाला ते तूक म्हणत्यात, आमी वजन म्हणतो. पर सरासरीला दोघं बी सरासरीच. एवढ्यावर तरी भांडान न्हाय." आणि मग त्यांनी विचारलं, "कागलाकडनं उडून आलेली साळुंकी असंल तर धरायची का न्हाय?" मी म्हटलं, इथं खायला आली ती इथली. "तुमचं गणित बरं हाय," ते म्हणाले. त्यांच्या दोन मुली लग्न होऊन कागलच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यात गेल्या होत्या आणि त्या दोन्ही घरांतल्या माणसांना इथल्या कार्यालयात कागद काढायचा तर काय हाल होतात, हे मी ऐकून होते.

तोलायचं कशानं, यावर घरात आठवडाभर शांतता होती. तराजूच्या पारड्यात साळुंकी बसणार नाही, ते हलतं. शेवटी अण्णा स्वतः वहिनींकडे गेले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "ते डबडं जरा लागतंय." वहिनींनी ही गोष्ट पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. काटा परसातल्या दगडी चौथऱ्यावर गेला, वर कुटलेल्या शेंगदाण्याची बशी, बशीचं वजन आधी शून्य करून घ्यायचं. चटणीच्या वेळेला काटा धुऊन, पुसून परत. धुण्याचं काम अण्णांचं. साळुंक्या धीट असतात, चौथ्या दिवशी बशीत उतरल्या. अण्णा खिडकीशी बसून वाकून लाल आकडे बघायचे. साळुंकी टोच मारते तेव्हा आकडा वर जातो, मान उचलते तेव्हा खाली येतो. ती क्षणभर नुसती उभी राहील तोवर श्वास धरून थांबायचं आणि तेवढा आकडा घ्यायचा. ज्यानं नोकरी घालवली त्याच लाल आकड्यांपुढे ते रोज सकाळी तासभर बसत. मी एकदा तसं बोलून दाखवलं. "त्येला बी कळू दे की, कुणाम्होरं बसलाय," ते म्हणाले.

एकच पाखरू दोनदा धरायचं नाही, असा माझा हट्ट होता. अण्णांनी तो मानला. कुणाच्या डोळ्याजवळचं पिवळं फिकं, कुणाची शेपूट तुटकी, एक लंगडती, एक सारखी मागे बघते. "ही कालचीच हाय," म्हणून ते आलेली साळुंकी नाकारायचे. मी किती तरी वेळ बघूनही मला सगळ्या सारख्याच दिसायच्या.

वही भरत गेली. आकडे बघून मी चकित झाले. नव्वद, एकोणनव्वद, ब्याण्णव. अण्णांचा हात बरोबर होता, अगदी ठासून बरोबर. मला इतका आनंद झाला की वर्गात मी पुस्तकातलं उदाहरण सोडून आमच्या साळुंक्यांचं घातलं.

मग दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मीही खिडकीशी त्यांच्या शेजारी बसले. एक नवी साळुंकी आली, उभी राहिली. काट्यावर सत्त्याण्णव दिसलं. मी स्वतः वाचलं. अण्णांनी पेन्सिल उचलली आणि वहीत लिहिलं, ब्याण्णव.

"अण्णा, सत्त्याण्णव होतं."

"व्हय, सत्त्याण्णवच."

"मग ब्याण्णव कसं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि हे कळत नाही. "कडता काढाय नगं?"

वखारीत कुठल्याही बोदाचं वजन जसंच्या तसं लिहीत नसत. पोत्याचं, म्हणजे बारदानाचं म्हणून काही, मातीचं म्हणून काही, ओलीचं म्हणून काही, असं कापून उरलेलं लिहायचं. त्या कापण्याला कडता म्हणतात. चाळीस वर्षं अण्णांच्या डोळ्यांनी जे वाचलं त्यातून हातानं आपोआप कडता काढला होता, आणि साळुंकी समोर आली तरी हात तेच करत होता.  हे मला सांगावं लागलंच नाही. "कडता" हा शब्द तोंडातून पडला आणि अण्णा तिथेच थांबले. बाहेर साळुंकी शेंगदाणे टिपत होती.

"पाखराला कसलं बारदान," ते हळूच म्हणाले.

मी घाईघाईनं म्हटलं, काही बिघडलं नाही, प्रत्येक आकड्यात पाच मिळवू. त्यांनी मान हलवली. पाऊस पडून गेला असेल त्या दिवशी त्यांनी ओलीचा कडता जास्त काढला होता, धूळ असेल तर थोडा आणखी. कुठल्या दिवशी किती, ते त्यांना आता सांगता येईना. त्यांनी वही मिटली. दोन दिवस खाली जेवायला आले नाहीत, वहिनी ताट खोलीत देऊन यायच्या. तिसऱ्या दिवशी जिन्यात माझी वाट अडवून म्हणाले, "बाई, शेतकरी बोदाशेजारी हुबा असायचा. कडता काढला की माझ्या तोंडाकडं बगायचा. बोलायचा न्हाय कोण. मला वाटायचं, कबूल हाय म्हणून बोलत न्हाय."  त्या संध्याकाळी ते नवी वही घेऊन आले आणि पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, दिसेल तेच.

नव्या वहीत अकरा पाखरं झाली आणि मला पक्क्या नोकरीचं पत्र आलं. सरकारी कॉलेज, रायचूर. आमच्या घरी पेढे वाटले. मी निपाणीला सामान आवरायला गेले तेव्हा अण्णांनी बॅग उचलली नाही. हात आता फारच थरथरायचा. "तुमीच सांगा किती असंल," म्हणाले. मी अंदाजानं चौदा म्हटलं. "असंल," म्हणाले. ते माझं बोलणं इतक्या सहज मान्य करतील असं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि ते ऐकून मला रडू आलं.

ठरलं असं, की साळुंकी तोलली की वहिनींच्या फोनवरून ते मला आकडा कळवतील. तीस पाखरं झाली की मी उत्तर काढून सांगेन. तीस पुरतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

रायचूरमध्ये माझी एक खोली होती आणि पुष्कळ ऊन होतं. माझं बेळगावकडचं कन्नड ऐकून वर्ग हसायचा. मराठी बोलायला कुणी नव्हतं, दिवसचे दिवस मी आपल्या भाषेत फक्त स्वतःशी बोलायचे. सकाळी सातच्या सुमाराला फोन वाजायचा आणि त्यात अण्णांच्या आवाजात भरलेला निरोप असायचा. "शंभराला एक कमी. शेपूट तुटकी. वारं न्हाय." किंवा, "आज दोघी आल्या आन् भांडून गेल्या. आकडा न्हाय." मी लिहून पाठवायचे, पोचलं. तेवढ्यावर माझा दिवस उभा राहायचा. एवढं सोपं सत्य मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तीस झाली. माझ्यापुढे कागद होता, सूत्र होतं, दहा मिनिटांचं काम होतं. पण उत्तर सांगितलं की हे संपणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी कळवलं, "अण्णा, चाळीस झाली तर जास्त खात्री होईल." दुसऱ्या दिवशी आवाज आला, "बरं बाई. तोलूया." चाळीस झाल्यावर मी म्हटलं, उन्हाळ्यातली वेगळी भरतील, तीही हवीत. मग पावसाळ्यातली. मग साठ. माझ्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारा माणूस दर वेळी नुसतं "बरं, तोलूया" म्हणायचा. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याला उत्तर हवं होतं आणि त्याचं वय झालं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी माझ्यासाठी ते लांबवत राहिले. ही गोष्ट मला स्वतःला अजून नीट माफ करता येत नाही.

मार्गशीर्षात एक दिवस फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनी लिहिलं, मामंजी गेले.

रजा मिळून मी निपाणीला पोचले तोवर बारावा होऊन गेला होता. निघायच्या आदल्या दिवशी, सामान भरायच्या आधी, मी बसून गणित केलं. पुस्तकाचं म्हणणं नाकारावं लागत होतं. त्या परसातल्या साळुंक्यांची सरासरी छापलेल्या संख्येपेक्षा चांगलीच कमी होती. हातानं सांगितलेल्याहून थोडी वर, पण हाताच्या बाजूला. मग मी पहिले तीस आकडे तेवढे घेऊन पाहिलं. तीसवरही उत्तर हेच येत होतं.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. काटा जागेवर, धुतलेला. त्या म्हणाल्या, "शेवटचं आठ दिस उठता येत नव्हतं त्यास्नी. मी म्हणलं, मी बघून सांगते आकडा. तर नगं म्हणाले. पडल्या पडल्या डोळं झाकून हात उघडा ठेवायचे, थांबायचे आन् मग आकडा सांगायचे. मी तसाच पाठवायची. तुमास्नी सांगू नगं म्हणालते." त्या थोड्या घाबरल्या होत्या, आपण काही चुकीचं पाठवलं की काय म्हणून. मी म्हटलं, ते आठ काढले तरी उत्तर बदलत नाही.

मग मी सांगून टाकलं. "वहिनी, अण्णांचा हात बरोबर होता. आणि हे मला तीस झाली तेव्हाच सांगता आलं असतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. आकडे यायचे बंद होतील म्हणून."

वहिनी पीठ मळत होत्या, त्या थांबल्या नाहीत. "त्यास्नी म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तीस पुरं हाईत म्हणून. तीस झाल्या त्या दिवशी मीच म्हणालते, मामंजी, आता बाईस्नी उत्तर इचारा. तर म्हणाले, नगं इचारूस. बाई एकट्या हाईत तिकडं, सकाळचं आपलं बोलणं त्यास्नी लागतंय. उत्तराचं काय, ते माझ्याशिवाय बी निघंल."